रजेवरचा नेमी

अनंत चतुर्दशीला आपल्याकडचा माणूस गणपती पोहोचवतो, ढोलांनी बधिर झालेले कान आणि गुलालाने माखलेला सदरा घेऊन घरी येतो आणि उद्या ऑफिस आहे ह्या आठवणीने खिन्न होऊन झोपतो. त्याच संध्याकाळी काशीच्या समोरच्या तीरावर, रामनगरात, एका इसमाची रजा सुरू होते. काशीनरेशांच्या रामलीलेचा तो पहिला दिवस. तिथून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे आपल्याकडे कोजागरीचे दूध चुलीवर चढेपर्यंत, ही लीला 31 दिवस चालते. आणि त्यातला एकही दिवस न चुकवण्याचा ज्याने नेम धरला आहे त्याला तिकडे नेमी म्हणतात. नेमी दूधवाला असतो, वकील असतो, साड्यांचा व्यापारी असतो, कॉलेजात शिकवणारा असतो, पेन्शनीत निघालेला कारकून असतो. पोटासाठी परगावी गेलेला बनारसी असेल, तर तो ह्या महिन्याच्या बेताने वर्षभर रजा साठवतो आणि आगगाडी पकडून येतो. कशासाठी आलात, असे विचारले तर उत्तर ठरलेले: रामदर्शनासाठी. ते उत्तर खोटे नाही. पण अपुरे आहे. माझे म्हणणे असे की, तो जुन्या मित्रांना भेटायला आलेला असतो, आणि हे त्याने कोणालाच, स्वतःलासुद्धा, सांगितलेले नसते म्हणून ती भेट साधते.

उलट बाजूने पाहू. मित्रांना भेटायचे असे ठरवून निघालेला मराठी माणूस कसा निघतो? आधी व्हॉट्सॲपवर ग्रुप निघतो. त्याचे नाव ‘दहावी ब, अविस्मरणीय’ किंवा तत्सम. मग तारखेवर मतदान होते. ज्याने ग्रुप काढला त्यालाच त्या तारखेला साडूकडे मुंज निघते. अखेर कुठल्याशा रिसॉर्टवर पंचवीस-तीस प्रौढ माणसे एकसारखे टी-शर्ट घालून जमतात. टी-शर्टाची मापे वीस वर्षांपूर्वीच्या आठवणीवरून मागवलेली असतात. ‘सध्या काय करतोस?’ हा प्रश्न एकेकाला विचारून होतो, आणि उत्तरे ऐकताना प्रत्येक जण मनातल्या मनात पगाराचा हिशेब मांडतो. शाळेतले तेच तीन किस्से सांगून होतात. दुपारी अडीचच्या सुमाराला बोलायचे काही उरत नाही, तेव्हा कोणीतरी अंताक्षरी सुचवतो. ह्यात दोष माणसांचा नाही, बैठकीचा आहे. मित्रांना समोरासमोर बसवून ‘आता भेटा’ असे फर्मावले, की मुलगी पाहायच्या कार्यक्रमासारखे सगळे कांदेपोह्यांकडे पाहू लागतात. मैत्रीला नजर रोखून पाहिलेले सोसत नाही. तिला बघायला तिसरेच काहीतरी लागते.

रामनगरात ते तिसरे काहीतरी 1830 च्या आसपासपासून तयार आहे. महाराज उदितनारायण सिंह ह्यांच्या काळात ही लीला आजच्या थाटात उभी राहिली, आणि पुढच्या महाराजांच्या कारकिर्दीत तिचे संवाद बांधले गेले. ह्या लीलेला मंच एक नाही, गाव आहे. कुठल्या बागेत जनकपूर, कुठल्या चौकात अयोध्या, गावाबाहेरच्या मैदानात लंका. पंचवटी म्हटली की आपल्याला नाशिकचे रिक्षावाले आठवतात. इथली पंचवटी अयोध्येहून चालत गाठता येते, आणि तशीच गाठायची असते. ध्वनिक्षेपक नाही. विजेचे दिवे नाहीत, पेट्रोमॅक्स आणि मशाली. राम वनवासाला निघाला, की हजारो माणसे त्याच्या मागोमाग चिखल तुडवत निघतात, आणि पुढच्या मुक्कामी धुळीत, गवतात, कोणाच्या तरी कट्ट्यावर बसकण मारतात. आता मुद्दा बघा. चालताना दोन माणसे शेजारीशेजारी असतात, एकमेकांचे तोंड बघावे लागत नाही, आणि मधे गप्प राहिले तरी कोणी अवघडत नाही. म्हणून एका माणसाचे पोरीच्या लग्नाचे रडगाणे आणि दुसऱ्याच्या गुडघ्याचे दुखणे जनकपूर ते अयोध्या ह्या रस्त्यात सहज सांगून होते. रिसॉर्टवरच्या गोल टेबलाशी ते होत नाही.

शिवाय बोलण्यावर रेशनिंग आहे. बारा रामायणी गोल करून बसतात आणि रामचरितमानसातल्या चौपाया गातात. तेवढा वेळ नेमी आपल्या पोथीत ओळ धरून असतो, पण एखादे वाक्य शेजाऱ्याच्या कानात सोडायला मुभा असते. चौपाई संपली की व्यास, म्हणजे हातात संवादांची वही धरून लीला चालवणारे गृहस्थ, मोठ्याने ओरडतात, ‘चुप रहो! सावधान!’ आणि मग राम बोलतो, लक्ष्मण बोलतो, परशुराम तर बोलतोच बोलतो. ध्वनिक्षेपक नसल्याने पाच-दहा हजार माणसांना खरोखरच गप्प बसावे लागते. वाक्य अर्धे राहते. ते पुढच्या चौपाईत पुरे होते किंवा उद्यावर जाते. सूर्यास्ताला महाराज संध्येसाठी उठतात, तेव्हा लीला थांबते आणि चणे, जिलेबी, चहा ह्यांच्यासकट एक मोठी सुट्टी मिळते. महाराजांच्या संध्येने बनारसी मैत्रीवर जे उपकार केले आहेत त्यांचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. गप्पांना इतका काटेकोर लगाम असला, की माणूस फालतू बोलत नाही असे मी म्हणणार नाही, भरपूर बोलतो. पण बोलणे संपल्याचा तो भयाण क्षण कधी येत नाही. संपायच्या आत कोणीतरी ‘सावधान’ म्हणतो.

आता ह्या इसमाचा सरंजाम बघण्यासारखा आहे. लीला संध्याकाळी पाचच्या सुमाराला सुरू होते, पण खानदानी नेमी दुपारीच नदी ओलांडतो. नदी ओलांडून मोकळ्या रानात जाणे, अंग मोकळे करणे, धोतर-गमछा साबण लावून स्वतः पिळून काढणे, तळ्यात डुंबणे आणि घोटलेली भांग घेणे ह्या सगळ्याला बनारसमध्ये एक शास्त्र मानतात; बहरी अलंग आणि साफा-पानी ही त्यातली परवलीची नावे. घरी धोब्याकडे कपडे टाकणारा वकील रामनगरच्या तळ्यावर उकिडवा बसून बंडीची कॉलर घासताना दिसतो, आणि शेजारच्या दगडावर त्याचाच अशील घासत असतो. कपडे वाळेपर्यंत करायचे काय? बोलायचे. मग कपाळाला चंदन, कानाच्या पाळीत अत्तराचा बोळा, गालात पान, काखेत बसायची चटई, एका हातात काठी आणि खांद्याच्या झोळीत गीता प्रेसचा मानसाचा गुटका, म्हणजे लहानशी पोथी, आणि छोटी बॅटरी. बॅटरी पोथीतली ओळ दिसण्यासाठी असते, हे झाले शास्त्र. प्रत्यक्षात तिचा पहिला झोत आरतीला आलेल्या गर्दीच्या तोंडांवर फिरतो आणि हवे ते तोंड सापडले की विझतो. ‘महादेव!’ एवढेच म्हटले जाते. वर्षभराने भेटलेल्या माणसांनी एकमेकांना मिठ्या माराव्यात ही अपेक्षा हिंदी सिनेमाने पसरवलेली आहे. नेमी मिठी मारत नाही. तो थोडा सरकतो आणि चटईवर जागा करतो.

रजेचा प्रश्न मात्र गंभीर आहे, आणि त्यात नेमीची प्रतिभा खरी दिसते. किरकोळ रजा एवढ्याला पुरत नाही. अर्जित रजा मागायची तर साहेब विचारतो, महिनाभर कशाला? ‘रामाच्या लग्नाला’ असे लिहिता येत नाही. त्यातून हे लग्न पितृपक्षात येते! आपल्याकडे पितृपक्षात माणूस नवा चमचा घेत नाही, आणि तिकडे सीतेची सगळी वरात त्याच पंधरवड्यात निघते; शास्त्रीबुवांनी ह्यावर काय तोडगा काढला असेल तो असो, पण नेमीची त्यात मोठी सोय आहे. पितृपक्षात नातेवाइकांकडे मुंज नाही, लग्न नाही, वास्तुशांत नाही, तेव्हा ‘आमच्याकडे का आला नाहीत’ असे म्हणायला कोणाला जागाच नसते. राहता राहिला साहेब. जो नेमी गावातच नोकरीला आहे तो रजा मागतच नाही, साडेतीनला फाइल घेऊन ‘दुसऱ्या खात्यात’ जातो आणि काशीच्या बाजूच्या सामनेघाटाला निघतो. परगावच्याचे पोट किंवा आजी, दोहोंपैकी एकाला दर भाद्रपदात दुखणे येते. राहिली नदी. पावसाळ्यात गंगेवरचा पिप्यांचा तरता पूल काढून ठेवत, त्यामुळे पूर्वी होडीवाचून गत्यंतर नसे. आता पक्का पूल झाल्यामुळे मोटरसायकलवाले नेमी निघाले आहेत, आणि होडीतून येणारे जुने नेमी त्यांच्याकडे, संन्याशाने मोबाइलवर बोलणाऱ्या संन्याशाकडे पाहावे, तसे पाहतात.

इथे भाविक वाचक हरकत घेईल. घेतलीच पाहिजे. ज्याला तुलसीदास तोंडपाठ आहे, जो आरतीच्या वेळी महताबीच्या उजेडात त्या पाच पोरांना, ज्यांचा आवाज अजून फुटलेला नाही त्या राम-सीतेला आणि तिघा भावांना, हात जोडून डोळे पुसतो, त्याची भक्ती तुम्ही मित्रमंडळाच्या खात्यावर जमा करणार? मी तिला हात लावत नाही. मुकुट चढला की तो पोरगा देव आहे, ह्याबद्दल नेमीच्या मनात तिळमात्र शंका नसते; दुपारी ते पोरगे पेरू खाताना दिसले असले तरीही. पण नुसते रामदर्शनच हवे असेल तर बनारसमध्ये राम दुर्मीळ नाही. गुटका घरी आहे. शहरात जागोजागी रामलीला होतात, नाटी इमलीचा भरतमिलाप तर भारतभर गाजलेला. चौपाया आता मोबाइलवर बोट टेकवले की ऐकू येतात. मग चिखलातून, दमटपणात, डासांत, पाठीला टेकू नसताना, माहीत असलेली गोष्ट माहीत असलेल्या शेवटापर्यंत 31 दिवस बघायची गरज काय? गोष्टीत नवे काही घडत नाही; रावण एकदाही जिंकलेला नाही. नवे घडते ते प्रेक्षकांत. कोणाचे दात पडले, कोणाला नातू झाला, कोण ह्या वर्षी आलाच नाही. 2020 मध्ये करोनाने लीला बंद पडली तेव्हा राम कुठे गेला नव्हता, पोथीही गेली नव्हती. गेला होता तो शेजार. भक्ती आणि मैत्री ह्यांत एकीला खरी आणि दुसरीला निमित्त ठरवण्याचा हट्ट आपला, शिकलेल्यांचा आहे. नेमी दोन्ही एकाच चटईवर बसवतो.

दुसरी हरकत अधिक बोचरी आहे. ह्याला मैत्री म्हणायचे? पंधरा वर्षे शेजारी बसणाऱ्याचे आडनाव नेमीला ठाऊक नसते. घर कुठल्या गल्लीत आहे ते अंदाजाने. वर्षाचे अकरा महिने दोघे एकमेकांना फोन करत नाहीत, दिवाळीचा फुलबाजे उडणारा संदेशसुद्धा पाठवत नाहीत. मला ही ह्या मैत्रीची उणीव वाटत नाही, तिची तब्येत चांगली असण्याचे कारण वाटते. ज्या मित्राचे रोज सकाळी सात वाजता गुलाबाच्या फुलावर सुविचार येतात, त्याला वर्षाने भेटल्यावर विचारायचे काय? सगळे आधीच कळलेले असते, आणि बहुतेक नको तेवढे. नेमीच्या मित्राची बातमी मात्र ताजी असते, कारण ती अकरा महिने कोणी फोडलेली नसते. आणि आडनाव नसल्याचा एक फायदा ह्या देशात मोठा आहे, तो मी उलगडून सांगत नाही. चटई काखेत असेपर्यंत वकील आणि दूधवाला एका भावाने बसतात. सगळ्यांत उंच आसन फक्त महाराजांचे, आणि तेही हत्तीवर, म्हणजे गप्पांच्या टप्प्याबाहेर.

ही बंधुभावाची कमान इथेच संपली असती तर मला नेमी फारच गोड माणूस ठरवावा लागला असता. तसा तो नाही. एक तर तो बहुतेक पुरुष असतो. मोठ्या दिवसांना, धनुष्यभंगाला, भरतभेटीला, बायका मोठ्या संख्येने येतात. पण महिनाभर दुपारी दोनला घराबाहेर पडून रात्री अकराला अत्तर लावून परत येण्याची मोकळीक कोणाला आहे हे उघड आहे. रात्री परतलेल्या नेमीला ताट वाढणारी, पितृपक्षात त्याच्याच वाडवडिलांची श्राद्धे रांधणारी, तिच्या जुन्या मैत्रिणींना भेटायला कोणता महिना नेमून दिलेला आहे? माझ्या सिद्धान्ताला हे सर्वांत मोठे भोक आहे आणि ते बुजवायला माझ्याजवळ काही नाही. एवढेच म्हणेन की, मंगळागौरीच्या जागरणात आणि भोंडल्याच्या फेरात हीच युक्ती आपल्याकडच्या बायकांनी कधीच ओळखली होती: मैत्रिणीला भेटायला म्हणून कोणी घराबाहेर पडू देत नाही, देवाचे म्हटले की पडू देतात. फक्त त्यांना 31 दिवस मिळाले नाहीत.

दुसरा दुर्गुण म्हणजे ज्येष्ठतेची घमेंड. नेमी आपले वय सांगत नाही, आपल्या लीला सांगतो. नव्या माणसाला तो पहिल्या पाच वाक्यांत कळवतो की, ह्या वर्षीचा राम बरा आहे, पण राम म्हणावा तर ‘त्या’ वेळचा. आवाज असा की कोपभवनातून गंगेपार जाई. वडिलांच्या वेळचा राम त्याहून चांगला होता. ह्या हिशेबाने 1830 चा राम किती चांगला असेल ह्याची कल्पनाच करवत नाही. कॅमेरा घेऊन आलेल्या पाहुण्याचा तो मनापासून तिरस्कार करतो, आणि त्याला कोणी प्रश्न विचारला नाही तर त्याहून जास्त तिरस्कार करतो. रिचर्ड शेखनर नावाच्या अमेरिकन नाट्यपंडिताने 1970 च्या दशकात इथे येऊन मुक्काम ठोकला आणि ह्या लीलेवर पुष्कळ लिहिले, तेव्हापासून जगभरचे अभ्यासक येतात. 2008 साली रामलीलेचे नाव युनेस्कोच्या यादीतही गेले. प्रत्येक जुन्या नेमीला खात्री असते की, त्या अमेरिकन साहेबाला खरी माहिती आपणच दिली होती.

‘हे आमच्याकडे वारीत आहेच की,’ असे म्हणत एव्हाना काही वाचक पान उलटायच्या बेतात असतील. आहे. दिंडी ठरलेली, विणेकरी ठरलेला, आळंदी ते पंढरपूर चालताना पायाच्या फोडांइतक्याच गप्पा फुटतात. पण वारकरी घर सोडून जातो, आणि ती हिंमत सगळ्यांची नसते. नेमी रात्री घरी परततो. ज्याच्यात संसार सोडायचे धैर्य नाही आणि रिसॉर्टचे पैसे भरायची इच्छा नाही अशा मधल्या माणसासाठी रामनगर आहे. आणि मधली माणसेच जगात जास्त. पुण्या-मुंबईच्या मराठी माणसाने म्हणून काशीला जावे आणि नेमी व्हावे असे मी सुचवत नाही. तो गेला तर पहिल्याच दिवशी ध्वनिक्षेपक का नाही ह्यावर निवेदन देईल, दुसऱ्या दिवशी नेमींचा ग्रुप काढेल, आणि तिसऱ्या दिवशी त्या ग्रुपमधून दोघे बाहेर पडतील.

जाताजाता हिशेबाची एक बाब राहिली. रामनगरची लस्सी घट्ट असते, वर रबडीचा थर, कुल्हडात लाकडी चमच्याने खावी लागते. गावातली वांगी अशीच नावाजलेली. 2023 मध्ये रामनगरच्या भंट्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यावरही नेमींत चौपायांमधल्या फटीत वाद झाला असणारच, कारण खरे वांगे कुठल्या वाडीचे ह्यावर तिकडे दोन माणसांचे एकमत नाही. पण लस्सीचा वाद जुना आणि पद्धतशीर आहे. राजगादीच्या, म्हणजे रामाच्या राज्याभिषेकाच्या, रात्रभर जागरणानंतर पहाटेची आरती होते, शेवटी कोट विदाई होऊन पाचही देव निरोप घेतात, आणि नेमी फडक्यात गुटका बांधून लस्सीच्या दुकानासमोर उभे राहतात. पैसे कोणी द्यायचे? एक म्हणतो गेल्या साली मी दिले. दुसरा म्हणतो गेल्या साली तू भरतभेटीची जिलेबी दिलीस, लस्सी मी. तिसरा दोघांनाही खोटे पाडून तिसऱ्याच वर्षाचा दाखला काढतो. आवाज चढतात. दुकानदार, त्याच्या वडिलांनी शिकवल्याप्रमाणे, तिघांचे मिळून ‘पुढच्या लीलेला’ असे म्हणून कुल्हड पुढे सरकवतो, आणि उधारीच्या वहीत, आडनाव माहीत नसल्यामुळे, ‘रामजीवाले तीन’ अशी नोंद करतो.